खंडेनवमीला उघडलेलं इंजिन

चारही पिस्टन मी उलटे बसवले होते.

एखादाच उलटा बसला असता तर नजरचूक म्हणून खपवता आलं असतं. चारही उलटे बसवायला माणसाजवळ सातत्य लागतं, आणि ते माझ्याजवळ पहिल्यापासून आहे. अकोला आणि अमरावतीच्या पट्ट्यात मी उभा जन्म मोटारींची इंजिनं उघडून पुन्हा लावण्यात घालवला. त्यांतली बहुतेक चालली. चालणाऱ्या इंजिनाकडे त्याचा मालकही ढुंकून पाहत नाही, मग तुम्ही दिवाळीच्या फराळावर बसून त्याच्याबद्दल काय म्हणून वाचावं? म्हणून हे न चाललेल्या इंजिनाबद्दल.

साठ सालाच्या आगंमागं मी एका मोटार वर्कशॉपातली नोकरी सोडून घरी काम करू लागलो होतो. सोडली असं मी सांगतो. खरं म्हणजे मोठ्या साहेबांना एक रंगतदार गोष्ट सांगता सांगता मी त्यांच्याच गाडीत ऑइल भरायचं विसरलो, आणि साहेब त्या गाडीतून मूर्तिजापूरपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. तर मग अकोल्यात जुन्या शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढचं अंगण हेच माझं वर्कशॉप झालं. अंगणात कडुनिंबाखाली एक बाज असायची. गल्लीतले रिकामे लोक त्या बाजेवर बसून मी काम कसं करतो ते पाहायचे, आणि मी त्यांना गोष्टी सांगत काम करायचो. गिऱ्हाईक कमी आणि श्रोते जास्त, असा तो काळ होता.

गिऱ्हाईकंही एकेक. अमरावतीच्या एका वकीलसाहेबांच्या गाडीचा सायलेन्सर मी बदलून दिला, तर आठ दिवसांनी ते तक्रार घेऊन हजर. "मिस्त्री, गाडीचा आवाज परत लावून द्या. पूर्वी मी कोपऱ्यावर असतानाच पक्षकार उठून उभे राहायचे. आता मी समोर जाऊन उभा राहतो तरी कोणी बिडी विझवत नाही." मी जुना भोक पडलेला सायलेन्सर शोधून पुन्हा लावून दिला. माझ्या कामावर पूर्ण समाधानी झालेला तो पहिला माणूस.

पार्वताबाई तशा नव्हत्या. त्या बाळापूरच्या. नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, नदीकाठी चार एकर बागायत, त्यात भाजीपाला आणि फुलं. रोजचा माल अकोल्याच्या बाजारात न्यायचा तर बैलगाडीला रात्र लागायची, आणि मेथी पोचेपर्यंत मान टाकायची. म्हणून बाईंनी बैलजोडी मोडून एक जुनी अमेरिकन मोटार घेतली होती. लांब नाकाची, मागं सामानाला ऐसपैस जागा असलेली. पेट्रोल परवडत नाही म्हणून आधीच्या मालकानं तिचं मूळ इंजिन काढून चार सिलिंडरचं विलायती डिझेल इंजिन बसवलं होतं. म्हणजे शरीर एका देशाचं, काळीज दुसऱ्या देशाचं आणि मागं बसणारी वांगी बाळापूरची.

ती मोटार भाद्रपदात माझ्या अंगणात आली ती ढकलत. निळा धूर, ऑइल पिण्याची सवय, आणि सकाळी सुरू व्हायला चार माणसं.

"किती दिवस लागतीन?" बाईंनी विचारलं.

"घटस्थापनेपर्यंत देतो."

"घटस्थापनेले नाही दिली तरी चालीन. दसऱ्याले पायजे. दीड एकर झेंडू लावला मी."

झेंडूचं असं असतं की दसऱ्याच्या सकाळी त्याला सोन्याचा मान, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याला गायसुद्धा तोंड लावत नाही. वर्षभराची मेहनत एका सकाळी विकायची. पोत्यात दाबून बैलगाडीनं आणलेला झेंडू आतून तापतो आणि काळा पडतो. त्यामुळे मोटार पाहिजे, आणि त्या दिवशी भाड्यानं मिळेल अशी मोटार अख्ख्या जिल्ह्यात नसते. हे सगळं बाईंनी मला नीट सांगितलं. मी म्हणालो, "बाई, तुम्ही निश्चिंत राहा." माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून जे निश्चिंत राहिले त्यांची मी आजही मनातून माफी मागतो.

डिझेल इंजिन म्हणजे काय, ते ज्यांनी कधी उघडलेलं पाहिलं नाही त्यांना दोन शब्दांत सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलात ठिणगी नाही. पिस्टन वर येतो आणि हवा अशी आवळतो, अशी आवळतो, की ती हवाच विस्तवासारखी तापते. तिच्यात डिझेलची पिचकारी मारली की भडका. म्हणजे सगळा खेळ आवळण्याचा. रिंगा झिजल्या, झडपा नीट बसेनाशा झाल्या, कुठून सुईएवढी हवा निसटली, की इंजिन नुसतं धापा टाकतं.

तीन बल्ल्यांची घोडी उभी करून, साखळीनं आम्ही ते इंजिन वर काढलं. साखळी आणली होती बळीराम वानखडेंनी. वानखडेभाऊ एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. बोलणं मोजकं, हात सोन्याचा. क्रँकच्या दांड्याला निळा रंग लावून, तो बेअरिंगच्या वाट्यांत फिरवून, वाटीला जिथं रंग लागेल तिथं केसभर खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा खरवड, हे काम ते जिनिंगची पाळी संपली की येऊन तीन संध्याकाळ करत बसले. मला हे काम यायचं, पण त्यांच्यासारखं नाही. मी खरवडलेली वाटी पाहून ते एकदा म्हणाले होते, "वाटी केली का किसनी?"

झडपा घासल्या माझ्या बायकोनं. झडपेच्या बैठकीला घासणीचा मलम लावून, दांडी दोन्ही तळव्यांत धरून इकडून तिकडे फिरवायची, पुन्हा पुन्हा, तासन् तास. माझा धीर पंधरा मिनिटांत संपायचा. कमलनं दाराच्या उंबऱ्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर ताक घुसळणं हाय. सरका." तिनं आठही झडपा दोन दिवसांत अशा बसवल्या की वरून घासलेट ओतलं तर खाली थेंब उतरला नाही. वर्कशॉपात पगार घेऊन हे काम करणारे मी पाहिलेत, त्यांच्या झडपा पाझरायच्या.

आता पिस्टन. या इंजिनात झडप खाली उतरते तेव्हा तिला जागा मिळावी म्हणून पिस्टनच्या डोक्यावर एका बाजूला उथळ खळगा असतो. तो खळगा झडपेच्या बाजूला यायला पाहिजे. नाहीतर झडप उतरते ती थेट पिस्टनच्या टाळक्यावर. चुकू नये म्हणून मी फार हुशारीनं प्रत्येक पिस्टनच्या पुढच्या अंगाला खूण केली होती. रंग नव्हता, म्हणून देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवून एकेक बोट लावलं. मग चारही पिस्टन पाटावर मांडले.

सहाव्या माळेला सकाळी मी कमलला म्हणालो, "तेवढे पिस्टन घासलेटात धुऊन ठेव." तिनं धुतले. कुंकूही धुतलं गेलं. पाटावर मांडलेलं, कुंकू लावलेलं, वर नवरात्र. तिला वाटलं मी पूजा केली आहे. पुसलेलं कुंकू तसंच कसं ठेवायचं म्हणून तिनं हात धुऊन चारही पिस्टनांना नवं कुंकू लावलं. एका रेषेत, सुबक, आणि ती ज्या बाजूला बसली होती त्या बाजूला.

दुपारी मी ते कुंकू पाहून पिस्टन दांड्यांना जोडले आणि इंजिनात उतरवले. खळगा मला दिसला नाही का? आंधळ्यालाही बोटानं कळला असता. पण त्या वेळी मी बाजेवरच्या मंडळींना मूर्तिजापूरवाल्या साहेबाची गोष्ट सांगत होतो, आणि गोष्ट नेमकी रंगात आली होती.

अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन मोटारीत बसलं, हेड, म्हणजे झडपांचा वरचा ठोकळा, आवळून झालं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोड्या, पक्कडी सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फुलं, आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनी बसायचं. कमल सुताराची मुलगी. तिच्या माहेरी त्या दिवशी कोणी खिळासुद्धा ठोकत नसे. मला त्याची काळजी नव्हती, कारण हत्यारांचं काम संपलंच होतं. नवमीला सकाळी पूजा करायची, हँडल मारून इंजिन सुरू करायचं, पार्वताबाई दुपारच्या एसटीनं यायच्या होत्या त्यांना गाडीत बसवायचं आणि बाळापूरला निघायचं.

पूजा झाली. मी हँडल मारलं. अर्धा फेरा, आणि ठक.

पुन्हा मारलं. ठक.

मी श्रोत्यांना समजावून सांगितलं, की नवं इंजिन घट्ट असतंच, त्याला जोर पाहिजे. दोन दणकट श्रोते उठले. आम्ही तिघांनी मिळून जोर लावला. आतून असा आवाज आला जसा कोणी पोह्यांच्या डब्यावर बसावं. झडपा ढकलणाऱ्या दोन सळया वाकल्या होत्या.

तेव्हा मी थांबलो, वरचं झाकण हातानंच सैल करून पाहिलं, आणि मला एकदम सगळं कळलं. कमलला विचारलं, "पिस्टनले कुकू कोणी लावलं?"

"मीच. तुमचं पुसलं गेलं होतं."

"ते पूजेचं नव्हतं! खूण होती! विचारायचं तरी!"

"तुमी बोलून राह्यले होते," ती म्हणाली. "मधात कवा विचारू?"

आता हेड उतरवायचं, खालची ऑइलची परात सोडायची, पिस्टन बाहेर काढून दांडीवर फिरवून पुन्हा बसवायचे. दिवसभराचं काम. आणि हत्यारं सगळी पाटावर, फुलांखाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. खरं सांगू का, तिनं हो म्हटलं असतं तरी माझा हात पुढे गेला नसता. बाजेवर बसून मी मोठा सुधारक होतो, पण त्या पाटासमोरून मी दोन पावलं मागं सरलो.

सायकल काढली आणि वानखडेंचं घर गाठलं. त्यांचं कुटुंब छप्पन साली बौद्ध झालेलं. दसऱ्याला ते सगळे नागपूरला जायचे, दरवर्षी. घरात गाठोडी बांधणं चाललं होतं, वहिनी दशम्या भाजत होत्या. वानखडेभाऊ दाढी करत होते.

"काहून आला? आज तं तुही हत्यारं आराम करून राह्यली."

"भाऊ, पिस्टन उलटे बसले."

"किती?"

"चार."

"होते किती?"

"चारच."

"मंग बरं," म्हणाले आणि उरलेला अर्धा गाल करू लागले. "एखादा सरळ बसला असता तं शोधत बसा लागलं असतं."

मी कुंकवाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि खो खो हसले. "कुकू पाहून इंजन बांधतं लेका, आन् लोक मलेच इचारतात का धर्म काहून बदलला." मग चेहरा पुसला, खुंटीवरची कॅनव्हासची पिशवी काढली आणि वहिनींना म्हणाले, "पोराइले घेऊन पाच वाजता थेट मिस्त्रीच्या घरी ये. तिथूनच टेशनवर जाऊ." माझ्याकडे वळून म्हणाले, "माही हत्यारं देवापुढं बसत नाहीत. पण गाडी सहाची हाय. पाचले मी उठीन. इंजन झालं का नाही, तेबी पाहणार नाही."

हेड निघालं तेव्हा बारा वाजले होते, आणि फाटकातून पार्वताबाई आत आल्या. इंजिनाचं पोट उघडं, मी मोटारीखाली, फक्त पाय बाहेर. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्या ऑइलच्या रिकाम्या पिंपावर बसल्या.

"फुलं तोडून झाली," त्या म्हणाल्या. "पहाटपासून बारा बाया लावल्या होत्या. ओल्या लुगड्याखाली ठुली हायत."

मी खालून बाहेर आलो. "बाई, तुम्ही निश्चिंत..."

"तोंड बंद," वानखडे म्हणाले. "हात चालू."

पाच तास मी तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे. बाजेवरची मंडळी थोडा वेळ वाट पाहून कंटाळून गेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते लोक काम पाहायला येत नव्हते.

पिस्टन दांडीला जोडणारी पिन थंड धातूतून निघत नाही. पिस्टन उकळत्या पाण्यात टाकला की तो फुगतो आणि पिन अंगठ्यानं सरकते. वानखडेंनी कमलकडे पातेलं मागितलं. ती क्षणभर थांबली. पातेलं हत्यारांत मोडतं का, हा विचार तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला. मग तिनं आंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं, आणि भजी तळावीत तसे एकेक पिस्टन साणशीनं काढून वानखडेंच्या हातातल्या फडक्यावर ठेवू लागली. ते पिन सरकवायचे, खळगा अंगठ्यानं चाचपायचे, तो अंगठा मला दाखवायचे आणि पुढचा मागायचे. प्रत्येक वेळी मला अंगठा दाखवायची गरज नव्हती, असं माझं मत आहे.

वाकलेल्या दोन सळया त्यांनी दगडावर ठेवून, हलक्या हातानं ठोकत, डोळ्यासमोर धरून धरून सरळ केल्या. हेडखालचं गॅस्केट अजून तापलं नव्हतं म्हणून पुन्हा वापरता आलं, तेवढं एक नशीब. पार्वताबाईंनी विचारलं, "मी काय करू?" वानखडे म्हणाले, "नट पुसा." बाई पदर खोचून नट पुसत बसल्या. एकेक नट त्या वांगं निवडावं तसा फिरवून पाहायच्या, आणि त्यांतला एक त्यांनी बाजूला काढला. "ह्याचे आटे गेले." खरंच गेले होते.

पाच वाजता वानखडेवहिनी पांढऱ्या लुगड्यात, दोन पोरं आणि तीन गाठोडी घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. हेड बसलं होतं, पण झडपांची फट मोजून लावायची होती, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायची होती. वानखडेंनी मनगटापर्यंतचं ऑइल पुसलं आणि उठले. बोलले तसं. इंजिनाकडे वळूनही पाहिलं नाही.

पिशवी मात्र तिथंच ठेवली.

फिटर माणूस आपले पाने दुसऱ्याला देत नाही. कोणी मागितलाच तर समोर उभा राहून काम करवून घेतो आणि परत खिशात टाकतो. मी पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"नागपूरहून आलो का घेऊन येजो," ते म्हणाले. "मोजून."

त्यांच्या पान्यांनी मी उरलेलं काम केलं. प्रत्येक फट दोनदा मोजली. इंजिनाला एवढा मान मी त्याआधी कधी दिला नव्हता. साडेसहाला गल्लीतल्या सहा जणांनी मोटार ढकलली. पहिल्या उतारावर पांढरा धूर, एक ढेकर, दुसरा ढेकर, आणि मग ते चारही सिलिंडर एका सुरात लागले. पार्वताबाईंनी बॉनेटवर तळवा ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. मग पुढचं दार उघडून आत बसल्या. "चाला. फुलं तापतीन."

नव्या बांधलेल्या इंजिनाला पहिल्या दिवशी पळवायचं नसतं, म्हणून चालवायला मीच बसलो. बाळापूरपर्यंत मी गाडी सावकाश नेली. आम्ही दोघंही इंजिनाचा आवाज ऐकत होतो. तिथं पोत्यांऐवजी मोठ्या बांबूच्या टोपल्यांत, हवा खेळेल असा, झेंडू भरला. पहाटे निघालो. मागं टपापर्यंत केशरी आणि पिवळा, काचेतून काही दिसत नाही, आणि गाडीभर तो उग्र, हिरवा वास. अकोल्याच्या बाजारात उजाडता उजाडता टोपल्या उतरल्या आणि दहा वाजेपर्यंत तळाला लागल्या. एक फूल काळं पडलेलं नव्हतं.

त्या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली. वानखडेभाऊंना मी एकदाही नीट धन्यवाद दिले नाहीत. पिशवी परत केली तेव्हा त्यांनी खरोखरच सगळे पाने मोजून घेतले आणि म्हणाले, "एक जास्त हाय. हा तुहा," आणि दसऱ्यानंतर चुकून पिशवीत गेलेला माझा एक पाना मला परत दिला. कमलला मी त्यानंतर पिस्टन कधी धुवायला लावले नाहीत. झडपा मात्र शेवटपर्यंत तिच्याच हातच्या. माझ्या नावावर जे काही चालत राहिलं, त्यात असे दुसऱ्यांचे हात होते, आणि त्यातल्या कोणी पाटी लावली नाही. पाटी माझ्याच अंगणाला होती.

त्या दसऱ्याच्या सकाळची एवढी एकच गोष्ट राहिली. टोपल्या रिकाम्या होत आल्या होत्या. मी मोटारीला टेकून, शर्टाच्या बाह्या मुद्दाम वर करून, लोकांना हातांवरचं ऑइल दिसेल असा उभा होतो. तेल्हाऱ्याचे एक सधन शेतकरी फुलं घेता घेता मोटारीकडे पाहू लागले. इंजिन अजून सुरूच होतं, बंद करायची माझी छाती नव्हती. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि बाईंना विचारलं, "लय गोड चालून राह्यलं. इंजन कोणं बांधलं?"

"जिनिंगचे वानखडे," पार्वताबाई म्हणाल्या.

शेतकऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आन् मंग हे कोण?"

बाईंनी शेवटच्या टोपलीतली फुलं त्यांच्या पिशवीत ओतली, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हे? हे गोष्टी सांगतात."